सोललेलं बियाणं

१

डबा जागेवर होता, कुलूप जागेवर होतं, फक्त डब्यात बियाण्याऐवजी पीठ होतं.

सोमवारी सकाळी कोठीच्या मामांनी झाकण उघडलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण भलताच डबा काढला. त्यांनी चिठ्ठी वाचली. ‘एक्केचाळीस नंबर. चार किलो. फक्त पेरणीसाठी.’ अक्षर मॅडमचंच होतं. मामांनी चिमूटभर पीठ बोटावर घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली. सव्वीस वर्षं कोठी सांभाळलेला माणूस. आयुष्यात उंदराला दाणा खाऊ दिला नव्हता.

दुपारी खात्याने तपासनीस पाठवला. सरकारी गोदामांत धान्य तपासण्यात त्याची हयात गेली होती. पोतं बघून तो सांगायचा, कुठे ओल लागली आणि कुणी हात मारला. बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलायचा आणि मिळेल ते काम घ्यायचा, कारण घरी बसून करायचं काय?

“सरळ प्रकरण आहे,” संचालक म्हणाले. त्यांच्या टेबलावर काचेखाली त्यांचेच फोटो होते. “आपल्या संशोधनाला विरोध करणारे लोक गेटवर फलक घेऊन बसतात ना, त्यांनी आमच्या मामाला फितवलं. कुंपणानेच शेत खाल्लं. मी संध्याकाळी पोलिसांत देणार होतो, तुमच्यासाठी थांबलोय. गुरुवारी सकाळपर्यंत.”

“गुरुवारीच का?”

“गुरुवारी बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेचा माणूस येतोय. एक्केचाळीसमध्ये नेहमीच्या तिप्पट लोह आहे, ते त्यांनी स्वतः मोजलं की जगभर शिक्कामोर्तब. सीलबंद डब्यातलंच बियाणं हवं, इतर काही चालणार नाही, असं पत्र आहे त्यांचं. मला आणि मॅडमला, दोघांनाच माहीत होतं. आता काय देणार त्याला? कपाळ?” ते जरा सावरले. “पण मॅडमचं डोकं शाबूत आहे बघा. सकाळी रडता रडता म्हणाल्या, निदान पीठ तरी आहे, तेच देऊ. लोह काय, पिठातही असतंच.”

“वजन केलं का पिठाचं?”

“पावणेतीन किलो. म्हणजे सव्वा किलो चोरलंसुद्धा! चार किलो तांदूळ ठेवला होता हो आम्ही.”

तपासनीसाने मान वर केली. “तांदूळ?”

“मग काय बाजरी?”

पेरायला तांदूळ कुणी ठेवत नाही. पेरतात ती साळ, टरफलासकट. टरफल काढलं की दाणा खायचा झाला, पेरायचा राहत नाही.

त्याने डब्यातलं पीठ तळहातावर घेऊन खिडकीशी नेलं. पीठ पांढरंशुभ्र होतं. त्यात टरफलाचा एक कणसुद्धा नव्हता.

२

कोठी थंड आणि स्वच्छ होती. फळ्यांवर डबे ओळीने, प्रत्येकाला नंबर. मामा दाराबाहेर स्टुलावर बसले होते. त्यांना आत जायला बंदी होती.

“किल्ली माझ्याकडे असते, साहेब. दुसरी हापिसच्या खणात. तो खण कुणीही उघडतं, डिंकाची बाटली तिथेच असते. रविवारी इथे चिटपाखरू नसतं.” मामा कडवट हसले. “आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. आणि मार कुणाला? कुत्र्याला नाही, आंधळ्याला.”

“साळ सडायचं, म्हणजे टरफल-कोंडा काढायचं यंत्र कुठे आहे?”

“पलीकडच्या खोलीत.”

दोघे तिथे गेले. गुडघ्याएवढं यंत्र होतं. त्याच्यामागच्या पिंपात टरफलं आणि कोंडा पडला होता. मामांनी ओंजळीत घेऊन वजनाचा अंदाज केला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“सव्वा किलो असेल. शुक्रवारी पिंप रिकामं केलं होतं मी.”

“म्हणजे चोरी झालेली नाही. चार किलो साळ, त्यातलं सव्वा किलो टरफल आणि कोंडा इथे, बाकीचं डब्यात.” तपासनीस हात झटकत म्हणाला. “मामा, तुम्हाला एखाद्याचं बियाणं नासवायचं असतं, तर काय केलं असतं?”

“गटारात ओतलं असतं. नाहीतर डब्यात तांब्याभर गरम पाणी.”

“यंत्रात घालून टरफल काढलं असतं?”

“शत्रूचं धान्य सोलून कोण देतं, साहेब?”

तेवढ्यात गेटवरून हाक आली. मामांची मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली होती. आठवा महिना लागलेला. गेटपासून कोठीपर्यंत पन्नास पावलं असतील, पण ती दोनदा थांबली. डबा देताना तिची नखं तपासनीसाला दिसली. पांढरी होती, कागदासारखी. अशी नखं त्याने आठ महिन्यांपूर्वी दोन आठवडे रोज हातात घेतली होती.

“गोळ्या घेतेस ना?” त्याने विचारलं. अनोळखी माणसाने विचारू नये असं विचारून गेला.

“रोज घेते. बाबा बघत बसतात समोर, गिळेपर्यंत.” ती दम लागून हसली. “आणि वर मॅडमचा तांदूळ. इतकं लोखंड पोटात जातंय, बाळाला गंज नाही लागला म्हणजे मिळवली.”

ती गेल्यावर मामा म्हणाले, “दवाखान्यातल्या बासष्ट गरोदर बायका घेतल्यात मॅडमनी. सगळ्यांना रोज गोळी आणि घरपोच तांदूळ. तांदळाच्या पिशव्या मीच पोचवतो. पण निम्म्या बायकांची गोळी खरी आणि तांदूळ साधा. निम्म्यांचा तांदूळ एक्केचाळीस आणि गोळी नुसती दिसायला गोळी. लोह तांदळातूनच मिळतं का, ते बघायला. कुणाला काय, ते एकट्या मॅडमना ठाऊक. यादीचं पाकीट बंद आहे.”

“मुलीचं नाव कुणी घातलं?”

“मीच. अभिमान होता ना! आपल्या कोठीतलं बियाणं.” मामांनी डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं. “मॅडम मात्र महिन्यापूर्वी म्हणाल्या, तिचं नाव काढून टाका. पुन्हा म्हणाल्या, गेल्या आठवड्यात. मला राग आला. म्हटलं, शिपायाची पोर म्हणून नको का? नाही काढलं.”

तपासनीसाने वही काढली.

“का काढा, ते सांगितलं त्यांनी?”

“नाही ना.”

३

मॅडमला त्याने काचघरात गाठलं. कुंड्यांच्या रांगांमधून ती चालत होती आणि प्रत्येक रोपाची पाती बोटांनी उचलून बघत होती. पन्नाशीची, केस कसेतरी बांधलेले.

“एक्केचाळीस काय आहे, ते मला समजेल असं सांगा,” तपासनीस म्हणाला.

“भाताचं रोप मातीतून लोह घेतं, पण ते पानात आणि कोंड्यात ठेवतं. आपण कोंडा काढून टाकतो. राहतो तो पांढरा दाणा. पोट भरतं, रक्त भरत नाही. मी रोपाच्या जनुकात एक बदल केला. लोह दाण्याच्या आत साठावं म्हणून. एकवीस वर्षं गेली त्यात.”

“आणि साठलं.”

“आकडे तसं सांगतात.”

तपासनीसाच्या लक्षात आलं, की तिने नुसतं ‘हो’ म्हटलं नाही.

“बियाणं गेलं. आता पुढे?”

“ही सत्तावन्न नंबरची रोपं.” तिचा आवाज एकदम मऊ झाला. “एक्केचाळीसपेक्षा सरस आहेत. अजून दोन हंगाम हवेत. तेवढं काम चालू राहिलं पाहिजे, बस. गेटवरचे लोक वाटच बघतायत, आमचं एक काही चुकतंय का. एक चुकलं की सगळं बंद पाडतील. सत्तावन्नसुद्धा.”

“मामांनी केलं असेल हे?”

ती एका कुंडीतली माती दाबू लागली.

“मामा भला माणूस आहे,” ती म्हणाली. “पण किल्ली त्यांच्याकडे असते.”

तपासनीस दारापर्यंत गेला आणि वळला. “त्यांच्या मुलीला भेटलो आत्ता. फार पांढरी पडलीय.”

मॅडमच्या हातातली कुंडी फुटली नाही, काही नाही. तिने ती फक्त खाली ठेवली आणि ठेवताना दोन्ही हात लावले. कुंडी वीतभर होती.

४

प्रयोगशाळेतल्या केमिस्टला सगळे ‘दशांश’ म्हणायचे. बारीक चणीचा हा माणूस घड्याळातली वेळही दशांशात सांगेल अशी ख्याती होती. त्याच्या टेबलावर गुरुवारच्या पाहुण्यासाठी बारा पुड्या तयार होत्या, चिठ्ठ्या लावून.

“हे काय?”

“पीठ. नेहमी पीठच देतो आपण. दोनशे पन्नास पूर्णांक शून्य ग्रॅम प्रत्येकी. शुक्रवारीच भरून ठेवलं.”

“पाहुण्याला बियाणं हवं होतं, पीठ नको. सांगितलं नाही कुणी?”

“मला कोण काय सांगतं? मी आकडे देतो. कुणी मेलं तरी मला महिनाअखेरीला कळतं.”

तपासनीसाने छापील अहवाल पुढे ठेवला. एक्केचाळीसची कीर्ती ज्याच्यावर उभी होती, तो, पंधरा दिवसांपूर्वी पाहुण्यासाठी पुन्हा छापलेला. त्यात प्रत्येक नमुन्यापुढे तीन आकडे होते: लोह, जस्त, ॲल्युमिनियम.

“ॲल्युमिनियम कशाला मोजता?”

“मातीच्या धुळीत असतं. ते जास्त निघालं की समजायचं, नमुन्यात धूळ गेली आणि लोह धुळीचं आहे. इथे बघा, जवळपास शून्य. एकदम स्वच्छ.” मग त्याने कागद जवळ घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलला. “पण हे अर्धंच आहे. मी पाच आकडे देतो. नेहमी पाच.”

“उरलेले दोन कुठले?”

“मँगनीज. आणि क्रोमियम.”

“ते गाळले कुणी?”

“अहवाल मॅडम छापतात.” दशांशने चष्मा पुन्हा नाकावर ओढला. “साहेब, मी नोकरदार माणूस आहे. मला जेवढं विचारतात तेवढं सांगतो.”

“मग मी विचारतो. क्रोमियम कशात असतं?”

दशांशने कोपऱ्यातल्या दळणयंत्राकडे पाहिलं. यंत्र चकचकीत स्टीलचं होतं, फार जुनं नसावं. त्याच्या शेजारी फळीवर चिनी मातीच्या चक्कीचं तडकलेलं पातं पडलं होतं.

५

मंगळवारी संध्याकाळी तपासनीस घरी आला. भात टाकायला तांदूळ निवडत बसला. हे काम बायकोचं. तिच्या हाताखाली खडा कधी सुटला नाही, याच्या हाताखाली रोज एक तरी सुटतो.

ओट्यावर मिक्सर होता. गेल्या वर्षी जुना बिघडला म्हणून हा आणला होता. आणला त्या दिवशी तिने मूठभर तांदूळ टाकून फिरवले आणि ते पीठ केरात फेकलं. पुन्हा मूठभर, पुन्हा केरात. तो ओरडला होता, “अन्न आहे ते!” ती म्हणाली, “अन्न कुठलं? नव्या पात्याचं लोखंड उतरतं त्यात. तुम्हाला खायचं असेल तर खा, बाळगुटी समजून.”

त्याने निवडलेले तांदूळ तसेच ठेवले आणि उठला. भात त्या दिवशी झालाच नाही.

बुधवारी सकाळी तो दशांशच्या दारात उभा होता.

“एक्केचाळीसचे दळायचे राहिलेले दाणे आहेत?”

“उरलेले दाणे मी टाकत नाही,” दशांश पुटपुटला. त्याने खणातून एक बाटली काढली. “कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच रागावतात, पसारा म्हणून.”

“यातली एकच मूठ घ्या. अर्धी त्या स्टीलच्या यंत्रात दळा. अर्धी चिनी मातीच्या खलात कुटा, हाताने. आणि पाचही आकडे मला द्या.”

दशांशने हात पुसले. कुटताना त्याच्या कपाळावर घाम आला. दुपारी दोन वाजता कागद बाहेर आला, तेव्हा त्याने तो तपासनीसाच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि बाजूला झाला.

मूठ एकच. यंत्रातल्या अर्ध्या मुठीत लोह तिप्पट. खलातल्या अर्ध्या मुठीत कुठल्याही बाजारातल्या तांदळाइतकं.

“किती दिवसांपासून?”

“मातीचं पातं तडकलं तेव्हापासून. चौदा महिने.” “तुलनेचा साधा तांदूळ आधीच दळून झाला होता, मातीच्या चक्कीत. एक्केचाळीस नंतर आला, स्टीलमध्ये. क्रोमियम वर गेलेलं मी महिन्यापूर्वी पाहिलं. लाल गोल करून मॅडमना दिलं. त्या म्हणाल्या, बघते.”

“आणि तू?”

“मी गोल केला होता,” दशांश म्हणाला.

६

तपासनीसाने सगळ्यांना संचालकांच्या खोलीतच बोलावलं. मामा दाराशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“थोडक्यात सांगा,” संचालक घड्याळ बघत म्हणाले. “पोलिसांना फोन करायचाय.”

“ज्याला बियाणं नासवायचं असतं तो ते फेकतो,” तपासनीस म्हणाला. “इथे एकाने ते आधी यंत्रात सडलं, टरफलं काढली, कोंडा काढला, मग दळलं आणि पुन्हा त्याच डब्यात भरलं. का? पेरता येऊ नये, पण मोजता यावं म्हणून. दाणा बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला असता तर त्यांनी तो त्यांच्या चक्कीत दळला असता. पीठ गेलं, तर आपल्या चक्कीचं लोखंड घेऊन गेलं असतं.”

“चक्कीचं लोखंड?” संचालकांनी दशांशकडे पाहिलं. दशांशने दोन्ही अर्ध्या मुठींच्या आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

“दाणा पाहुण्याला मिळू नये, हे कुणाला वाटेल? एक म्हणजे, तो दाणाच मागणार आहे हे माहीत असलेल्याला. दुसरं, दाण्यात लोह नाही हे माहीत असलेल्याला. दशांशना दुसरं माहीत होतं, पहिलं नाही. त्यांनी शुक्रवारी बारा पुड्या पीठ भरून ठेवलं होतं. साहेब, तुम्हाला पहिलं माहीत होतं, पण तुम्हाला अजून बियाणं आणि तांदूळ यांतला फरक माहीत नाही. सडायच्या यंत्राचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, तेही सांगता येणार नाही.”

“हे जरा अति होतंय—”

“मामांना दोन्ही माहीत नव्हतं. असतं, तर पोटच्या पोरीला त्या यादीत ठेवलं असतं का?”

संशयाला आता मॅडमखेरीज कुणी उरलं नाही. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते.

“दोन हंगाम हवे होते मला,” ती शेवटी म्हणाली. रडली नाही. “एक्केचाळीस खोटं निघालं असतं तर उद्या काचघराला कुलूप. सत्तावन्न खरं आहे, मी खलात कुटून मोजलंय. ते एकदा लोकांच्या ताटात गेलं की कित्येक बायका वाचतील. किती, ते तुम्ही मोजू शकणार नाही.”

“मला मोठे आकडे येत नाहीत,” तपासनीस म्हणाला. “एक्केचाळीस नंबरचा तांदूळ आणि खोटी गोळी, अशा बायका किती?”

“एकतीस.”

“महिनाभर तुम्हाला माहीत होतं. एकीचं नाव काढायला तुम्ही दोनदा गेलात. बाकी तीस?”

तिने मामांकडे पाहिलं.

मामा पुढे आले. आपण सुटलो, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं. “मॅडम. माझ्या पोरीची गोळी खरी होती की खोटी?”

“मामा, मी तुम्हाला सांगत होते, काढा म्हणून…”

“खरी की खोटी?”

“खोटी.”

“आणि तांदूळ?”

“एक्केचाळीस. म्हणजे साधाच.”

मामांनी हात उगारला नाही. नुसते म्हणाले, “मी समोर बसून गिळायला लावायचो हो तिला.”

तपासनीसाने टेबलावरचा कोरा कागद मॅडमपुढे सरकवला. “पाकीट फोडायचं असेल तर फोडा. मला नावं आणि पत्ते पाहिजेत. आत्ता.”

पाकीट तिने मागितलं नाही. पेन घेतलं आणि लिहायला लागली. नाव, गल्ली, घर, कितवा महिना. एकदाही थांबली नाही, एकही खाडाखोड केली नाही. दशांश खांद्यावरून बघत होता. हळूच म्हणाला, “पाठ आहेत.”

एकतिसावं नाव लिहून झाल्यावर पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

७

मामांच्या मुलीला तासाभरात दवाखान्यात नेलं. रक्त मोजणाऱ्या नर्सने आकडा दोनदा तपासला आणि मग धावत डॉक्टरांना बोलावलं. रक्ताची पहिली पिशवी लागली तेव्हा मुलगी अर्धवट गुंगीत होती. डॉक्टर म्हणाल्या, “आज आणलंत. बाळंतपणाला आणली असती, तर माझ्या हातात काही नव्हतं.” तपासनीस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दवाखान्याने तीन नर्सना याद्या देऊन बाहेर पाठवलं. सहा वाजेपर्यंत चोवीस बायका आल्या. काही चालत, काही रिक्षात, एक नवऱ्याच्या सायकलवर. सहांचा पत्ता लागेना. गल्ल्या एकात एक गुंतलेल्या, घरांना नंबर नाहीत.

मामा मुलीच्या उशाशी बसले होते. नर्स दारात कुणाला तरी सांगत होती, ते त्यांनी ऐकलं. ते उठले. मुलीच्या कपाळावर हात ठेवला, वरच्या पिशवीकडे पाहिलं आणि बाहेर आले.

“यादी द्या इकडे.”

“मामा, तुम्ही इथे थांबा,” तपासनीस म्हणाला. “पोरीजवळ.”

“तिच्याजवळ डॉक्टर आहे. यांच्याजवळ कोण आहे? पिशव्या मी पोचवल्यात, साहेब. दारं मला माहीत आहेत.”

दोघे निघाले. मामा पुढे, तपासनीस मागे. पाच घरं झाली. पाचही बायकांना रिक्षात बसवून पाठवलं. सहावं घर उतारावर होतं, वर पत्रा, दाराला पडदा. मामांनी कडी वाजवली. आतून कुणी लवकर आलं नाही. पावलांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

पडदा बाजूला झाला. भिंतीला एक हात टेकून एक बाई उभी होती. ओठ आणि गाल एकाच रंगाचे. मामांना पाहून तिला बरं वाटलं असावं, ती हसली. मग तिचं लक्ष त्यांच्या रिकाम्या हातांकडे गेलं.

“अगंबाई, मामा,” ती म्हणाली, “आज तांदूळ नाही आणला?”